लोतोमोआनाच्या मामाची उमेदवारी

शुक्रवार, २२ ऑक्टोबर २०१०

टोंगाच्या राज्यातल्या तमाम मामांनो! ज्यांच्या बहिणीला मुलगा आहे आणि त्यामुळे ज्यांच्या घरात स्वतःचं म्हणावं असं काही उरलेलं नाही, अशा माझ्या पीडित बांधवांनो! आपल्या कोठारातला सर्वांत मोठा सुरण कोण नेतो? भाचा. आपल्या बायकोने आठ महिने विणलेली चटई कुणाच्या लग्नात अंथरली जाते? भाच्याच्या. आणि ती नेताना तो आपल्याला विचारतो का? नाही! तो फक्त सांगतो!

ही सुरुवात सभेत करता येणार नाही, सभेत भाचेही बसतात. म्हणून इथे लिहितो. वहीला भाचा नसतो.

आज मी उमेदवारीचा अर्ज भरला. मी, केलेपी माहे, लोतोमोआना गावात एकतीस वर्षं मुलांना इतिहास शिकवून निवृत्त झालेला मास्तर. आजवर तेहतीस सरदार मिळून संसदेत नऊ जण पाठवत आणि आम्ही लाखभर रयत मिळूनही नऊच. आता सव्वीसातले सतरा आमचे असतील. शंभर वर्षांत असा महिना आला नाही. अशा महिन्यात मी घरी बसून कोंबड्यांना दाणे टाकू?

अर्ज भरून परतलो तर ओसरीत इनोके बसलेला. हा माझ्या थोरल्या बहिणीचा, एसेताअक्काचा मुलगा. वय बत्तीस, खांदे रग्बीचे, हसणं लहान पोराचं. ऑकलंडहून परत येऊन वर्ष झालं, अजून धंदा ठरायचा आहे.

"मामा, तुझा भोंगा दे."

"कशाला?"

"निवडणुकीला उभा राहिलोय."

"कुठून?"

"इथूनच. तुझ्यासमोर." आणि हसला. "आई म्हणाली, उभा राहा."

मी आत गेलो, भोंगा आणला, वर बॅटरीही दिली. बायको दारात उभी राहून बघत होती. ती एवढंच म्हणाली, "वायरही द्या. ती राहिली."

सोमवार, २५ ऑक्टोबर

आज इनोकेने पिकअप नेला.

आमच्यात बहीण भावापेक्षा वरची, आणि तिची मुलं मामापेक्षा वरची. हा नियम कुठेही लिहिलेला नाही, म्हणूनच तो मोडता येत नाही. लिहिलेला असता तर मी त्याच्या विरोधात सभा घेतली असती.

मेलेनाइतेसमोर (ही माझी बायको) मी संतापून म्हणालो, "अठराशे बासष्टमध्ये खुद्द राजाने कायदा केला, की सरदाराने रयतेच्या दारातून काही उचलून न्यायचं नाही! आणि इथे एकशे अठ्ठेचाळीस वर्षांनी माझ्या दारातून गाडी जाते!"

ती तारोचे कंद सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "ती गाडी आपल्या दारात कुठून आली होती?"

"नाफेतालाईमामांकडून. सत्त्याण्णव साली."

"त्यांनी विकली होती?"

"विकायची काय गरज? मी त्यांच्या बहिणीचा मुलगा."

ती पुन्हा सोलायला लागली. बायकांना इतिहासातला फरक समजावून सांगणं अवघड जातं.

शनिवार, ३० ऑक्टोबर

डुक्कर गेलं. मोठं, काळं, कान फाटलेलं. त्याच्या प्रचाराच्या जेवणासाठी.

"मामा, तुलाही बोलावलंय," म्हणाला. म्हणजे माझंच डुक्कर खायला मलाच आमंत्रण, आणि खाऊन त्याचं भाषण ऐकायचं! मी गेलो नाही. वास मात्र आला.

रविवार, ३१ ऑक्टोबर

रविवारी काम नाही, व्यापार नाही, प्रचार नाही. प्रार्थनेआधी काव्ह्याच्या, म्हणजे मुळी कुटून केलेल्या पेयाच्या, बैठकीला बसलो. वाटी फिरत फिरत माझ्याकडे आली तसा शेजारचा पेनिसिमानी सुतार म्हणाला, "मास्तर, ऐकलं तुमचा प्रचार जोरात आहे. भोंगा फिरतोय, गाडी फिरतेय, डुक्कर कापलं."

"ते माझं नाही... म्हणजे माझंच आहे, पण—"

"फक्त उमेदवार तेवढा दुसरा."

सगळे हसले. मी वाटी एका दमात संपवली. रविवारी रागावणं हेही काम धरतात की नाही, हे पाद्रीबाबांना विचारायला हवं.

गुरुवार, ४ नोव्हेंबर

आजच्याच तारखेला अठराशे पंच्याहत्तरमध्ये आपली राज्यघटना झाली. आजूबाजूची बेटं एकेक करून परक्यांच्या झेंड्याखाली जात असताना आपण कागदावर लिहून ठेवलं की आम्ही राज्य आहोत. एकोणीसशेमध्ये इंग्रजांशी तह केला, परराष्ट्र व्यवहार त्यांच्या हाती दिला, पण सिंहासन दिलं नाही. सत्तर साली तेही परत घेतलं. हे सगळं मी तीन वह्यांत लिहून काढलं आहे: पहिली, गुलामीतून सुटका, दुसरी, तह आणि तारू, तिसरी, आजच्या मागण्या. संपूर्ण भाषण दोन तास वीस मिनिटांचं. एका जागी तर मी स्वतःच लिहिताना रडलो.

इनोके सकाळी आला. मला वाटलं टेबल न्यायला आलाय.

"मामा, त्या वह्या दे ना. मला भाषण येत नाही."

मी म्हणालो, "इनोके, त्या वह्यांमध्ये जन्मावरून मिळणाऱ्या हक्कांविरुद्ध लिहिलंय."

"चालेल."

"तू त्या कुठल्या हक्काने नेतो आहेस, ते कळतंय का?"

"तुझ्या बहिणीचा मुलगा आहे म्हणून," तो म्हणाला, आणि इतक्या निष्पापपणे म्हणाला की मी तिन्ही वह्या सुतळीने बांधून दिल्या.

मेलेनाइते म्हणाली, "अहो, सभेत गर्जता आणि भाच्यापुढे दोरी शोधता." आज मी जेवलो नाही. म्हणजे दुपारी जेवलो नाही.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

चर्चच्या सभागृहात इनोकेची सभा. मी आत गेलो नाही, बाहेर फणसाच्या झाडाखाली उभा राहून ऐकलं. माझं भाषण, माझ्या भोंग्यातून, दुसऱ्याच्या तोंडून!

पहिला तास लोक शांत होते. खिडकीतून पाहिलं तर शांत म्हणजे झोपलेले होते. माझ्या शब्दांवर कुणी झोपेल असं मला वाटलं नव्हतं. अर्थात दोष वाचणाऱ्याचा.

मग त्याने पहिल्या वहीचं शेवटचं पान वाचलं. "आणि राजाने आपल्या हाताने सरदारांच्या हातातला चाबूक काढून घेतला. इथे थांबून टाळ्यांची वाट पाहणे."

एक क्षण कुणाला कळलं नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.

इनोके पुढे वाचत गेला. "त्या दिवशी प्रत्येक आई रडली. इथे घसा दाटून येतो. रुमाल डाव्या खिशात."

सभागृह कोसळायचं बाकी राहिलं. पेनिसिमानी हसता हसता बाकावरून खाली आला. इनोकेलाही हसू आवरेना. त्याने खरोखरच डावा खिसा चाचपला.

अंधार पडायच्या आत मी शेतातून वळसा घालून घरी आलो. मेलेनाइतेला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. ती उशीत तोंड खुपसून पडली होती, पाठ हलत होती. रडत असावी.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

भोंगा नाही, गाडी नाही, वह्या नाहीत. पायी निघालो. भाषण करायला कागद नाही, म्हणून लोकांनाच विचारलं, "काय हवंय?" एका घरी पाण्याच्या टाकीला तडा गेलाय. एकाकडे आठ एकरांच्या जमिनीचा कागद अकरा वर्षं सरदारांच्या कचेरीत अडकलाय. दोन हजार सहा साली लोकशाहीच्या मागणीवरून दंगल होऊन राजधानी जळाली, त्या दिवशी एकीचा मुलगा तिथे होता, तेव्हापासून घरात कुणी 'लोकशाही' शब्द काढला की ती उठून जाते. तिच्या ओसरीत मी पाऊण तास बसलो. बोललो फार थोडं. बोलण्यासारखं होतंच काय? तिने शेवटी शहाळं फोडून दिलं.

दुपारी बायका चटया विणतात त्या घरी पोचलो. आत एसेताअक्का असल्याचं कळलं. भावाने बहिणीसमोर पाय पसरून गप्पा मारायच्या नसतात, शक्यतो एका छपराखालीही बसायचं नसतं. म्हणून मी बाहेर उभा राहिलो आणि भिंतीशी बोललो.

मी म्हटलं, "माझ्या भगिनींनो, विचारा काय विचारायचं ते!"

आत कुजबुज झाली. मग पेनिसिमानीची बायको मोठ्याने म्हणाली, "मास्तर, भाच्याने भोंगा मागितला, दिलात. गाडी मागितली, दिलीत. उद्या तुम्ही मंत्री झालात आणि भाच्याने सरकारी बोट मागितली तर?"

"तो प्रश्न वेगळा—"

पुन्हा कुजबुज. "आणि बंदराचं कंत्राट मागितलं तर?"

"बाई, घरची रीत आणि—"

"आणि भाच्याला जो नाही म्हणू शकत नाही, तो राजवाड्यातल्या लोकांना काय नाही म्हणणार?"

पेनिसिमानीची बायको इतकी हुशार आहे हे मला माहीत नव्हतं. मी शाळेत तिला दोनदा नापास केलं होतं. शेवटी म्हटलं, "ऊन फार आहे," आणि निघालो. जाताना अक्काचा खोकला ऐकू आला. तिला हल्ली बरं नसावं.

सोमवार, १५ नोव्हेंबर

त्या प्रश्नावर तीन दिवस भाषण रचतोय. तिन्ही वेळा मी हरलो.

मन रमवायला नाफेतालाईमामांकडे गेलो. चौऱ्याऐंशी वर्षांचे, एक डोळा गेलेला, अजून स्वतः नारळ सोलतात. म्हटलं, "मामा, तुझं मत मला हवं."

"तू मागितलंस म्हणजे झालं," ते म्हणाले. "तुला कधी नाही म्हटलंय का?"

एक मत पक्कं. लिहून ठेवलं.

शनिवार, २० नोव्हेंबर

आज घडलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

इनोके आला. खाली बसला. मी मनातल्या मनात घर तपासलं: पलंग? शिवणयंत्र? छताचे पत्रे?

"मामा," तो म्हणाला, "तुझं मत मला दे."

मी चष्मा काढून पुसला.

"घाई नाही. मंगळवारी माझी शेवटची सभा आहे. सगळ्यांसमोर उठून सांग, की मास्तरांचं मत इनोकेला. तू सांगितलंस तर गावातले सगळे मामा मला मत देतील." मग पाठ केल्यासारखं म्हणाला, "नाही तर नाही म्हण. तेही सगळ्यांसमोर."

नाही म्हण! आमच्या घराण्यात कोणत्याही मामाने कोणत्याही भाच्याला नाही म्हटलेलं नाही. वाघासारखे बोलणारे आमचे आजोबा होते, त्यांनीही भाच्याने मागताच कमरेला मानाने नेसतात ती चटई सोडून दिली आणि गोणपाट गुंडाळून चर्चला गेले.

होय म्हटलं तर माझी उमेदवारी मीच पुरली. नाही म्हटलं तर अक्काच्या डोळ्यांसमोर तिच्या मुलाचा अपमान केला, आणि आमच्यात मेलेल्याच्या उशाशी बहिणीनेच बसायचं असतं, मग माझ्या उशाशी कोण बसेल?

"वन्संना विचारून येऊ का?" मेलेनाइतेने विचारलं.

"त्यांनीच तर त्याला उभं केलंय!"

"म्हणूनच," ती म्हणाली.

रविवार, २१ नोव्हेंबर

प्रार्थनेत लक्ष नाही. पाद्रीबाबा इजिप्तमधून सुटलेल्या लोकांबद्दल बोलत होते. त्यांना भाचे नसावेत.

सोमवार, २२ नोव्हेंबर

पहाटे जाग आली ती एका वाक्याने. वाक्य माझं नव्हतं, नाफेतालाईमामांचं होतं. तू मागितलंस म्हणजे झालं.

टोंगाच्या मामांनो, मी तुमच्यासमोर कबूल करतो. गेला आठवडाभर मी त्या मताकडे कमाई म्हणून बघत होतो. ती लूट होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या दारातून मी गाडी नेली, त्याआधी बंदूक, त्याआधी त्यांच्या लग्नातला कोट, आणि आता त्यांच्या हयातीत रयतेच्या हाती आलेलं पहिलं वजनदार मत. ज्याला मी इतिहासातला फरक म्हणत होतो तो कुठे गेला? मी शोधला. नाही सापडला.

दात न घासताच त्यांच्याकडे गेलो.

"मामा, तुझं मत परत घे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी मागितलं ते विसर. तुला हवं त्याला दे. मला, इनोकेला, सरदारांनी उभ्या केलेल्या माणसाला, कुणालाही."

त्यांनी हातातला नारळ खाली ठेवला. मग वैतागून म्हणाले, "हे काय रे केलंस? आता मला विचार करावा लागेल. दोघांची भाषणं ऐकावी लागतील." आणि जरा वेळाने, "तुझं दोन तास वीस मिनिटांचं आहे म्हणतात, खरं का?"

"वह्या गेल्या. आता सहा मिनिटांचं आहे."

"मग येतो," म्हणाले.

परतताना लक्षात आलं, की मला उद्याचं उत्तर मिळालंय. आणि ते भयंकर आहे.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

सभागृह भरलेलं. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. अक्का पहिल्या ओळीत, काळ्या कपड्यांत, मांडीवर हात. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघायचं नसतंच. नाफेतालाईमामा मधल्या ओळीत, कानाला हात लावून.

इनोके थोडंच बोलला. तिन्ही वह्या सुतळीत तशाच टेबलावर ठेवलेल्या. शेवटी म्हणाला, "मामा, तुझं मत मला दे." आणि खाली बसला.

मी उठलो. एकतीस वर्षं वर्गात बोललो, दफनाच्या वेळी बोललो, राजदूतासमोर बोललो, पण कागदाशिवाय कधीच नाही.

"इनोके," मी म्हणालो, "तू भोंगा नेलास, मी वायरसकट दिला. पिकअप नेलास. डुक्कर नेलंस. वह्या नेल्यास, त्यांतल्या सूचनांसकट." लोक हसले, मी थांबलो नाही, टाळ्यांची वाट पाहिली नाही. "उद्या घराचे पत्रे लागले तर ये. मी शिडी धरतो. तू माझ्या बहिणीचा मुलगा आहेस आणि माझ्या घरातलं सगळं तुझं आहे. पण मत माझ्या घरातलं नाही. ते मला आईकडून मिळालं नाही, बापाकडून मिळालं नाही. ते या सगळ्यांबरोबर मिळालं, एकाच दिवशी, सारखंच. ते मी तुला देत नाही. नाही."

मी 'नाही' म्हणालो. सभागृहात. भाच्याला.

एक म्हातारी "अरे देवा" म्हणाली. इनोकेने आईकडे बघितलं. अक्का उठली. सरळ मानेने, बाजूच्या दारातून बाहेर गेली.

मी संपलो असं वाटलं. पण आता बसता येत नव्हतं, म्हणून टाकीचा तडा, अकरा वर्षं अडकलेला जमिनीचा कागद आणि आगीनंतर न बोलणारी ती बाई, एवढंच बोललो. सहा मिनिटंही झाली नसतील. मागून नाफेतालाईमामा ओरडले, "ऐकू आलं!" पसंतीने की तक्रारीने, कोण जाणे.

घरी आल्यावर मेलेनाइतेला विचारलं, "अक्का बाहेर काय करत होत्या?"

"टाकीमागे उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या."

"रडत होत्या?"

"पुसत होत्या म्हटलं मी."

दिवस मावळता अक्काकडून टोपलं आलं: केळीच्या पानांत तारोची पानं, नारळाचं दूध, सुरणाचा मोठा तुकडा. अक्का स्वतःच्या हाताने फक्त दफनाला आणि राज्याभिषेकाला रांधते. निरोप होता, "जेवून घे. परवा उन्हात रांगेत उभं राहायचंय."

दफनाचंच जेवण असणार. तिने माझ्याशी संबंध तोडले, हे उघड आहे. मेलेनाइतेला तसं सांगितलं तर ती टोपलं माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "अहो, तुम्ही निवडून या. देशाला तुमची गरज आहे. घरात तुमचा काही उपयोग नाही."

गुरुवार, २५ नोव्हेंबर, सकाळ

रांग लागली आहे. इथून खिडकीतून दिसते: चटया बांधलेल्या कमरा, छत्र्या, पोरं कडेवर. इनोके रांगेत माझ्या नंबराच्या मागे उभा आहे, माझी जागा धरून. कुणाला मत देणार, मी विचारलेलं नाही. विचारणार नाही.

निकाल काय लागेल माहीत नाही. सरदारांचा माणूसही उभा आहे, आणि लोक त्याला घाबरतात. कदाचित मी पडेन. पडलो तर पडलो.

पण तुम्ही, टोंगाच्या मामांनो! नऊ वाजता पेट्या उघडतील. तुमच्या दारात आज कुणीतरी येईल. बहिणीचा मुलगा येईल, सरदारांचा कारभारी येईल, चर्चमधला वडीलधारा येईल, आणि हसत, हक्काने, हात पुढे करून तुमचं मत मागेल. त्याला चटईवर बसवा. त्याला शहाळं द्या, डुक्कर द्या, हवी तर अंगावरची चटईही सोडून द्या. आणि मग, पडद्याआड जाण्याआधी, त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणा.